इमारत कळली, माणसं राहिली: एका युद्धथरारपटाच्या संकलनाचं प्रकरण

हे प्रकरण एका आधुनिक युद्धथरारपटाचं आहे. पहिला कट, म्हणजे संकलनाची पहिली आवृत्ती, तयार झाल्यापासून चित्रपट लॉक होईपर्यंत, म्हणजे संकलन अंतिम ठरेपर्यंत, पटकथा सल्लागार म्हणून मी संकलकासोबत काम केलं. चित्रपटाचं नाव, देश, भाषा आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पात्रांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. गोष्ट काल्पनिक आहे, कुठल्या खऱ्या मोहिमेवर बेतलेली नाही. लिहिण्याचं कारण असं की, या चित्रपटाची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठा दोष एकाच निर्णयातून आले होते. ते लक्षात येईपर्यंत आम्ही दोष वेगळे मोजत होतो, गुण वेगळे.

## पार्श्वभूमी

सात सैनिकांची तुकडी रात्री एका शहरात शिरते. एका खबऱ्याला आणि त्याच्या मुलाला बाहेर काढायचं असतं. परतीचा रस्ता बंद होतो आणि तुकडी एका चार मजली रहिवासी इमारतीत अडकते. शेजारच्या गच्चीवरून गोळीबार सुरू होतो. वर मानवरहित विमान घिरट्या घालतंय आणि बऱ्याच अंतरावरच्या नियंत्रण कक्षात एक मेजर त्याचं चित्र पाहतेय. इमारतीत लोक राहतात. पहाटेपर्यंत तिला ठरवायचं आहे की, शेजारच्या गच्चीवर क्षेपणास्त्र टाकायचं का. दोन इमारतींमध्ये जेमतेम एक गल्ली आहे.

दिग्दर्शक माहितीपटांतून आलेले. त्यांची पद्धत ठरलेली: कॅमेरा हातात, एकाच वेळी तीन कॅमेरे चालू, नटांना जागा ठरवून द्यायची नाही, लढाईत पार्श्वसंगीत नाही. या पद्धतीला मोठी परंपरा आहे. १९६६च्या ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’मध्ये दिग्दर्शक पोंतेकोर्वो यांनी बातमीपटाचा एकही खरा तुकडा न वापरता बातमीपटासारखी दृश्यं उभी केली. ‘द हर्ट लॉकर’चं चित्रीकरण बॅरी अ‍ॅक्रॉइड यांनी एकाच वेळी अनेक सुपर १६ (१६ मिमी फिल्मचे हलके) कॅमेरे लावून केलं. कॅमेऱ्यालाही पुढच्या क्षणाची कल्पना नसावी, तोही तुकडीतलाच एक वाटावा, हा त्यामागचा विचार आहे. आमच्या दिग्दर्शकांनी तो मनापासून घेतला होता.

पहिला कट १५१ मिनिटांचा होता.

## जमेच्या बाजू

आधी यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण पुढे जे काही केलं ते या गोष्टींना धक्का न लावता करायचं होतं.

पहिली चाळीस मिनिटं अप्रतिम होती. गाडीतला प्रवास, खबऱ्याचं दार, मुलाने चप्पल शोधण्यात घालवलेला वेळ, सगळं अगदी जवळून, न सांगता कळणारं. निवृत्त लष्करी अधिकारी सल्लागार म्हणून होते आणि त्यांनी नटांकडून हातांची कामं इतकी घोटून घेतली होती की, मॅगझिन बदलताना कुणी खाली बघत नव्हतं. तीस गोळ्यांचं मॅगझिन मिनिटाला सहाशेच्या वेगाने झाडलं तर तीन सेकंदांत रिकामं होतं. बहुतेक युद्धपट हे विसरतात. इथे सैनिक मोजून एकेक गोळी झाडत होते आणि गोळ्या संपत चालल्याची भीती संवादाशिवाय दिसत होती.

दुसरी बाजू ध्वनीची. आधुनिक रायफलची गोळी नळीतून साधारण सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघते. आवाजाचा वेग ३४० मीटरच्या आसपास. म्हणून ज्याच्या दिशेने गोळी येते त्याला आधी गोळी जवळून गेल्याचा चाबकासारखा कडाका ऐकू येतो आणि बंदुकीचा धप्प आवाज मागून पोचतो. तीनशे मीटरवर या दोन आवाजांत सुमारे अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. अनुभवी सैनिक त्या अंतरावरून नेमबाज किती लांब आहे ते ओळखतो. ध्वनिआरेखनकाराने हे तंतोतंत पाळलं होतं. एका प्रसंगात तुकडीप्रमुख डोळे मिटून फक्त ऐकतो आणि म्हणतो, “पाण्याच्या टाकीमागे.” संपूर्ण चित्रपटातला माझा आवडता क्षण हाच.

आणि थकवा. युद्धपटांत माणसं जखमी होतात, मरतात. दमलेली क्वचितच दिसतात. इथे पहाटे तीनच्या सुमारास एक सैनिक पायरीवर बसल्या बसल्या झोपतो आणि कुणी त्याला उठवत नाही. असा प्रसंग सुचायला निरीक्षण लागतं.

## अडचण

चाचणी खेळाला चित्रपटाशी संबंध नसलेले प्रेक्षक बोलावले होते. बोलणं संपल्यावर तक्रारींचे तीन गठ्ठे पडले. इमारतीत शिरल्यानंतर कोण कुठे आहे ते कळत नाही आणि हेल्मेट घातल्यावर सगळे सारखेच दिसतात. शेवटचा तिसरा भाग दमवतो. एक बाई म्हणाल्या की, नंतर नंतर मला भीती वाटेनाशी झाली, नुसता आवाज ऐकू येत राहिला. आणि मेजर क्षेपणास्त्राची परवानगी देते तो क्षण पटत नाही.

पहिल्यांदा या तीन वेगवेगळ्या अडचणी वाटल्या. पहिली संकलनाची, दुसरी लांबीची, तिसरी पटकथेची. निर्मातीने त्या तशाच तीन जणांना वाटूनही दिल्या. संकलकाने मात्र एक गोष्ट दाखवली. प्रेक्षकांचं लक्ष कुठे सुटतं ते त्याने टाइमलाइनवर खुणा करून ठेवलं होतं आणि तो क्षण लढाई सुरू होण्याच्या बराच आधीचा होता: तुकडी जिना चढून वर जाते तिथला. जिन्याचे फक्त चार शॉट होते, चारही क्लोजअप. इमारतीला दोन जिने आहेत हे पटकथेत होतं, सेटवर होतं, पडद्यावर नव्हतं. पुढचा सगळा डाव त्या दुसऱ्या जिन्यावर आधारलेला होता. शत्रू त्या जिन्याने वर येतो तेव्हा प्रेक्षकाला वाटतं की, तो आपल्याच माणसांच्या मधून आला.

इथून खरा वाद सुरू झाला. दिग्दर्शकांचं म्हणणं स्पष्ट होतं: “सैनिकाला जे कळत नाही ते प्रेक्षकाला का कळावं? गोंधळ हीच तर लढाई आहे.” हे वाक्य सहज बाजूला सारण्यासारखं नाही. चित्रपटाची पहिली चाळीस मिनिटं याच विश्वासावर उभी होती.

पण त्यात एक गृहीतक लपलेलं होतं आणि त्यावर बोलण्यात आमचे बरेच तास गेले. जिना चढलेल्या सैनिकाला इमारत पायांनी माहीत असते. किती पायऱ्यांनंतर वळण आलं, दार कोणत्या हाताला होतं, खिडकीतून गार हवा कुठून आली, हे त्याच्या अंगात असतं. शेजारचा माणूस त्याला चालीवरून, खोकल्यावरून, अंधारातही कळतो, कारण दोघं महिनोन् महिने एकत्र राहिलेले असतात. प्रेक्षकाजवळ यातलं काहीच नाही. त्याच्याजवळ चौकटीत दिसेल तेवढंच. म्हणजे सैनिकाला दिसतं तेवढंच प्रेक्षकाला दाखवलं तर दोघांची माहिती समान होत नाही. प्रेक्षकाची फार कमी पडते. सैनिकाचा गोंधळ हा ओळखीच्या जागेत उडालेला गोंधळ असतो. आमच्या प्रेक्षकाला ती जागाच कधी ओळखीची झाली नव्हती.

दिग्दर्शकांनी हे लगेच मान्य केलं नाही. पण “गोंधळ दाखवू नका” असं कुणी म्हणत नाही, “गोंधळ उडण्याआधी जागा द्या” एवढंच म्हणणं आहे, हे कळल्यावर चर्चेचा सूर बदलला.

## कोणते पर्याय होते

लांबी कमी करणं. हा निर्मातीचा पहिला आग्रह होता आणि तिच्या जागी तो रास्तच होता. संकलकाने १२६ मिनिटांचा कट करून दाखवला. शांत जागा गेल्या, लढाया राहिल्या. तो पाहताना चित्रपट आधीपेक्षा लांब वाटला. कारण उघड आहे: ज्या शांत जागा काढल्या, त्यांतच थोडीफार इमारत दिसत होती, थोडीफार माणसं ओळखीची होत होती.

पडद्यावर वेळ आणि ठिकाण लिहिणं. ‘०२:१४, दुसरा मजला’ अशा पाट्या. करायला सोपं, खर्च नाही. पण पाटी वाचली की प्रेक्षक तुकडीतून उठून अहवाल वाचायला बसतो. माहितीपटाच्या अंगाने जाणाऱ्या चित्रपटात हे खपेल असं वाटलं होतं, खपलं नाही. सुरुवातीची एक पाटी तेवढी ठेवली.

पार्श्वसंगीत. तात्पुरतं संगीत लावून पाहिलं. कधी घाबरायचं ते संगीत सांगू लागलं आणि त्या अर्ध्या सेकंदाच्या अंतरातला जीव गेला. एका दिवसात हा पर्याय संपला. मला यात कधीच शंका नव्हती.

समोरच्या बाजूला चेहरा देणं. लेखकाने गच्चीवरच्या गटाच्या म्होरक्याचे चार प्रसंग लिहून आणले. चांगले लिहिलेले होते. त्यातला एक फार चांगला: म्होरक्या आपल्या भावाला घरी पाठवायला बघतो आणि भाऊ जात नाही. दिग्दर्शकांना भीती होती की, शेवटच्या टप्प्यात नवं पात्र आणलं तर ते आपली बाजू मांडणारं भाषण होऊन बसेल. निर्मातीला नवा सेट आणि नव्या नटांचा खर्च दिसत होता. ते प्रसंग घेतले नाहीत. ही निवड पुढे महत्त्वाची ठरली.

माहितीचा क्रम बदलणं. नवं फारसं काही न चित्रित करता, नियंत्रण कक्षातली दृश्यं आधी आणायची. विमानाच्या चित्रात शेजारच्या गच्चीवर चार माणसं चढताना मेजरला दिसतात. तुकडीला ते नंतर कळतं. पहिल्या कटमध्ये हे उलट होतं: आधी गोळी, मग खुलासा.

या शेवटच्या पर्यायावर बोलताना दिग्दर्शक हिचकॉक यांनी मुलाखतीत फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांना दिलेला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला निघणारच होता. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं तर पंधरा मिनिटांचा ताण. पण युद्धपटात हा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही, असं मला वाटतं. तिथे प्रत्येकच टेबलाखाली बॉम्ब आहे, हे प्रेक्षकाने तिकीट काढतानाच गृहीत धरलेलं असतं. सगळीकडे धोका म्हणजे कुठेच धोका नाही. चाचणी खेळातल्या त्या बाई हेच सांगत होत्या. म्हणून एक धोका निवडावा लागतो, त्याला जागा आणि वेळ द्यावी लागते आणि बाकीचे तात्पुरते शांत करावे लागतात. आमच्यासाठी तो धोका म्हणजे दुसरा जिना.

## मेजरचा निर्णय: सगळ्यात अवघड टप्पा

पहिल्या कटमध्ये हा प्रसंग असा होता. मेजर पडद्याकडे बघते. उष्णता-कॅमेऱ्याच्या चित्रात दुसऱ्या मजल्यावर भिंतीपलीकडे तीन पांढऱ्या आकृत्या दिसतात: आई आणि दोन मुलं. मेजर बराच वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, “परवानगी आहे.” नटी उत्तम होती, शांतता लांब होती, प्रसंग पडला होता.

लष्करी सल्लागारांचा आक्षेप तांत्रिक होता. उष्णता-कॅमेरा काँक्रीटच्या भिंतीतून पाहू शकत नाही. त्याला पृष्ठभागाचं तापमान दिसतं. साध्या खिडकीच्या काचेतूनही बहुतेक अशा कॅमेऱ्यांना पलीकडचं माणूस दिसत नाही. दिग्दर्शक आधी म्हणाले की, प्रेक्षकाला हे माहीत नसतं, चालवून घेऊ. मला मात्र वाटलं की, प्रसंग पडण्याचं कारण नेमकं याच चुकीत आहे. मेजरला सगळं दिसतंय, म्हणून तिच्या निर्णयाला फक्त दोन रंग उरतात: क्रूर किंवा खंबीर. खऱ्या परिस्थितीत तिला दिसलंच नसतं. एक बाई तासापूर्वी बाल्कनीत आली आणि आत गेली, त्यानंतर इमारतीतून कुणी बाहेर पडलेलं नाही, इतकंच तिला माहीत असतं. बाकी सगळा अंदाज.

या अंदाजालाच कायद्यात जागा आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलनुसार, अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होईल असं दिसत असेल, तर हल्ला करता येत नाही आणि हल्ल्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्यावी लागते. कलमातली ही भाषा वाचली की, कळतं, त्यात नाट्य ठासून भरलंय. ‘अपेक्षित’ म्हणजे किती? ‘अवाजवी’ कुणी ठरवायचं? ‘शक्य ती खबरदारी’ घ्यायला वेळ नसेल तर? २०१५चा ‘आय इन द स्काय’ हा चित्रपट जवळजवळ पूर्ण याच प्रश्नावर उभा आहे आणि तिथे नागरिकांच्या जीविताचा धोका टक्क्यांत मोजण्यावरून होणारी ओढाताण फार प्रभावी आहे. तीच ओढाताण पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे टक्के नव्हते, एक बंद झालेलं बाल्कनीचं दार होतं.

दिग्दर्शकांनी इथे जो निर्णय घेतला तो मला संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात धाडसाचा वाटतो. भिंतीपलीकडच्या पांढऱ्या आकृत्या त्यांनी काढून टाकल्या. तो दृश्यपरिणाम पैसे मोजून करून घेतलेला होता. त्याजागी मेजर आणि कायदा सल्लागार यांच्यातलं तोकडं बोलणं लिहिलं गेलं.

“ती बाहेर गेली का?”

“दिसली नाही, मॅडम.”

“दिसली नाही, की गेली नाही?”

“दिसली नाही.”

पुढे मेजर तुकडीला रेडिओवर विचारते की, दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना आतल्या खोलीत हलवता येईल का. ही झाली तिची खबरदारी. तुकडीतल्या एका माणसाला त्यासाठी दुसऱ्या जिन्याजवळून जावं लागतं. म्हणजे नियंत्रण कक्षातला प्रश्न इमारतीत धोका निर्माण करतो आणि तिसरी तक्रार पहिलीला येऊन मिळते. हे आम्ही आधी ठरवून केलेलं नव्हतं. जागा कळू लागली तसं ते आपोआप जुळलं.

## प्रत्यक्षात काय केलं

संकलन कक्षाच्या भिंतीवर इमारतीचा मजल्यागणिक नकाशा लावला आणि प्रत्येक शॉटवर मजला, जिना आणि कॅमेऱ्याची दिशा लिहिली. कंटाळवाणं काम होतं, पण लगेच दिसलं की, तीन कॅमेऱ्यांपैकी एक सतत रेषा (समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडणारी काल्पनिक रेषा) ओलांडत होता, त्यामुळे गच्ची कधी पडद्याच्या डावीकडे तर कधी उजवीकडे येत होती. त्या कॅमेऱ्याचे लढाईतले बहुतेक शॉट वगळले. काही सुंदर शॉट त्यात गेले. छायालेखकाला ते लागलं आणि ते साहजिक होतं.

तुकडी वर चढते तो प्रसंग मूळ रशेसमधून, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणातून, पुन्हा बांधला. एका टेकमध्ये कॅमेरा शेवटच्या सैनिकामागून न तोडता तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत गेला होता. ‘काही घडत नाही’ म्हणून तो टेक बाजूला पडला होता. तो जवळजवळ पूर्ण ठेवला. वाटेत दुसऱ्या जिन्याचं दार दिसतं, त्यावर लहान मुलाने खडूने काढलेली रेघ दिसते, दुसऱ्या मजल्यावर दाराच्या फटीतून उजेड दिसतो आणि मग तो विझतो.

ध्वनीने नकाशाचं काम केलं. ही कल्पना ध्वनिआरेखनकाराची. पहिल्या जिन्याला तळमजल्याच्या जनरेटरची घरघर दिली, दुसऱ्याला गळक्या टाकीचे थेंब. प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नाही. पण लढाईच्या वेळी अंधारात थेंब ऐकू आले की, आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळतं. पहिल्यांदा गोळी चालते त्या आधी हे आवाज प्रेक्षकाच्या कानात पुरेसे रुजलेले असणं गरजेचं होतं, म्हणूनही तो लांब टेक लागला.

माणसं वेगळी ओळखू येण्याचा प्रश्न अर्धवटच सुटला. ‘ब्लॅक हॉक डाउन’मध्ये प्रेक्षकांना सैनिक ओळखता यावेत म्हणून हेल्मेटवर आडनावं दाखवली आहेत. आमच्या चित्रपटात चित्रीकरण संपल्यानंतर ते शक्य नव्हतं. मग सातांपैकी चौघांवर लक्ष एकवटलं. डबिंगमध्ये त्यांच्या रेडिओवरच्या बोलण्याला वेगळी लय दिली: एक जण वाक्य पुरं करत नाही, एक प्रत्येक वेळी स्वतःचा क्रमांक सांगतो. उरलेले तिघे मागे गेले. त्यातल्या एकाचा मृत्यू त्यामुळे आधीइतका लागत नाही. हा सौदा आम्ही जाणूनबुजून केला.

पिकअप शॉट, म्हणजे नंतर नव्याने घेतलेले पूरक शॉट, फक्त दोन जागांचे झाले: नियंत्रण कक्ष आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर. म्होरक्याचे चार प्रसंग लिहिलेलेच राहिले.

शेवटच्या भागात तीन चकमकी होत्या, त्या दोनच ठेवल्या. मधली काढली तेव्हा निर्मातीच घाबरली, कारण त्यात सगळ्यात मोठा स्फोट होता. तिला तो भाग स्फोटासह आणि स्फोटाशिवाय, लागोपाठ दाखवला. पाहून झाल्यावर तिनेच तो काढायला सांगितलं.

अंतिम लांबी १२८ मिनिटं. म्हणजे आधी फसलेल्या छोट्या कटपेक्षा जेमतेम दोन मिनिटं जास्त.

## परिणाम

दुसऱ्या चाचणी खेळाला नवे प्रेक्षक होते. त्यांना कागद देऊन इमारत काढायला सांगितलं. चित्रकला कशीही असो, बहुतेकांनी दोन जिने काढले. चर्चेत सगळ्यात जास्त प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या बाईबद्दल आले. आधीच्या खेळानंतर तिचा कुणी उल्लेखही केला नव्हता. मेजरचा निर्णय योग्य की अयोग्य यावर दोन प्रेक्षकांत वाद झाला आणि दोघांनीही चित्रपटातलेच मुद्दे वापरले. मला वाटतं, हे मोठं यश आहे.

काही दोष राहिले आणि ते लहान नाहीत.

गच्चीवरची माणसं शेवटपर्यंत नळीच्या तोंडाशी दिसणारा जाळ एवढीच राहिली. प्रदर्शनानंतरच्या परीक्षणांनी ध्वनीचं आणि इमारतीच्या वापराचं कौतुक केलं आणि नेमकं याच जागेवर बोट ठेवलं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दिग्दर्शकांना नाही, त्यांच्या मते तुकडीच्या नजरेतून दिसणारा शत्रू असाच दिसतो. पण चित्रपट तुकडीच्या नजरेत थांबलाच नव्हता. तो नियंत्रण कक्षात गेला, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेला. जो चित्रपट इतक्या ठिकाणी जातो, तो गल्लीपलीकडच्या गच्चीवर जात नाही तेव्हा ती मर्यादा राहत नाही, निवड होते. आधुनिक युद्धथरारपटांत हा दोष वारंवार दिसतो आणि कारागिरी जितकी सरस तितका तो जास्त खुपतो. १९९३च्या मोगादिशूतल्या लढाईवरच्या ‘ब्लॅक हॉक डाउन’वरही सोमाली माणसांना चेहरा नसल्याची टीका झाली. त्या चित्रपटाला संकलनाचं आणि ध्वनीचं ऑस्कर मिळालं, दोन्ही योग्य होती आणि टीकाही योग्य होती.

शेवटही ढिला राहिला. पहाट होते, हेलिकॉप्टर येतं, तुकडी निघते. रात्रभर प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवणारा चित्रपट इथे एकदम उदार होतो. हेलिकॉप्टर आधी का येऊ शकलं नाही आणि आता का येऊ शकलं, याचं एका वाक्याचं उत्तर आहे, पण ते रेडिओच्या खरखरीत हरवतं. नव्याने चित्रित करायचं तर हेलिकॉप्टर पुन्हा मिळवावं लागलं असतं, ते शक्य नव्हतं.

आणखी एक वाद अगदी शेवटच्या आठवड्यात झाला. चित्रपट संपल्यावर तुकडीतल्या मृतांची नावं येत होती. मी सुचवलं की, दुसऱ्या इमारतीत आणि गल्लीत गेलेल्या रहिवाशांचीही नावं त्याच यादीत, त्याच अक्षरांत यावीत. कथा काल्पनिक आहे, म्हणजे नावं देणं आमच्याच हातात होतं. निर्मातीला भीती होती की, काही प्रेक्षक दुखावतील. दिग्दर्शक माझ्या बाजूने उभे राहिले. यादी एकच झाली, वर्णानुक्रमे.

## वेगळं काय करता आलं असतं

नकाशा संकलन कक्षात लागला, तो पटकथेच्या वाचनाच्या वेळी लागायला हवा होता. एकाच जागेत घडणाऱ्या थरारपटाची पटकथा नकाशाशिवाय मंजूर करू नये, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या जिन्याच्या भिंतीला निराळा रंग देणं कला विभागाला दोन तासांचं काम होतं. ते झालं असतं तर संकलनातले कित्येक आठवडे वाचले असते. हातातला कॅमेरा आणि मोकळे नट ही पद्धत त्याने जराही बिघडली नसती. उलट रेषा ओलांडणारा तिसरा कॅमेरा मोकळेपणाने वापरता आला असता, कारण मागच्या भिंतीच्या रंगावरून प्रेक्षकाला बाजू कळली असती आणि छायालेखकाचे ते शॉट वाचले असते.

म्होरक्याच्या चार प्रसंगांबद्दल निर्णय ‘चारही किंवा एकही नाही’ असा घेतला गेला. एकच घ्यायला हवा होता: भावाला घरी पाठवण्याचा. त्याला भाषण नको होतं, नवा सेट नको होता. गच्ची उभी होती, रात्रीचे दिवे लागलेले होते आणि दुसऱ्या मजल्याच्या पिकअपसाठी युनिट तसंही दोन रात्री तिथेच होतं. त्या दोन रात्रींतले तीन-चार तास पुरले असते. ही सूचना बैठकीत आली तेव्हा पिकअपचं वेळापत्रक छापून झालं होतं आणि ते बदलायचा आग्रह कुणी धरला नाही.

लष्करी सल्लागारांना चित्रीकरणापुरतंच बोलावलं होतं. उष्णता-कॅमेऱ्याबद्दलचा त्यांचा आक्षेप दृश्यपरिणामाचं काम पूर्ण झाल्यावर आला, कारण तोवर ते चित्र त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. पटकथेतला मेजरचा प्रसंग त्यांनी लिहितानाच वाचला असता, तर हेलिकॉप्टरचा प्रश्नही तेव्हाच निघाला असता. आता पुढच्या चित्रपटासाठी तेच दिग्दर्शक आणि तेच सल्लागार पहिल्या खर्ड्यापासून एकत्र बसले आहेत आणि या वेळी कथेतली दोन्ही बाजूंची माणसं पहिल्या पानापासून नावानिशी लिहिलेली आहेत.